बाबाच्या कानापलीकडचं

रविवारी दुपारी, बीफचा तुकडा ओव्हनमध्ये सरकवून झाल्यावर, डेस्मंड स्टॅनिफोर्थ आपल्या लेकीला घेऊन चढावरच्या जुन्या चॅपलपाशी आला, मागच्या खोलीचं कुलूप काढलं आणि म्हणाला, "बूट काढ."

"का? कार्पेट नवीन टाकलंय की काय?"

"कार्पेट माझ्या आजीच्या वेळचं आहे. तुझे बूट करकरतात."

हॅटीने मुकाट्याने बूट काढले. एरवी ती भांडली असती. गेल्याच महिन्यात शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिने भल्याभल्यांना गार केलं होतं, आणि तेव्हापासून तिचं तोंड म्हणजे उताराला लागलेली सायकल झालं होतं. ब्रेक नावाला नाही! पण आज गोष्टच वेगळी होती. आज तिला आत घेतलं होतं. दोन वर्षं तिने या दाराला बाहेरून कान लावले होते, खिडकीखाली डबे रचून त्यांच्यावर उभी राहिली होती, एकदा त्यांच्यासकट पडलीही होती. पण बाबाने दार किलकिलं म्हणून केलं नव्हतं. 'थर्ड लँडिंग'चा नियमच तसा. पुरं होईपर्यंत तिसऱ्या कानाला ऐकवायचं नाही.

थर्ड लँडिंग म्हणजे दोनच माणसं. एक बाबा आणि दुसरी गिल ब्रॅमॉल, म्हणजे हॅटीची गिलमावशी. मावशी म्हणायची इतकंच, रक्ताचं नातं काही नाही. लहानपणी दोघं एकाच उंच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहायची, आणि कुणीतरी फेकून दिलेला ऑर्गन जिन्यात ठेवून शेजाऱ्यांचा जीव खायची. पुढे बाबा शाळांतले नि चर्चमधले पियानो सुरात लावायला लागला, गिलमावशीने केस कापायचं दुकान टाकलं, आणि उरल्या वेळात दोघं सिंथेसायझरची बटणं पिरगाळत बसायची. हॅटीच्या जन्माआधी त्यांचे दोन आल्बम आले होते. त्यांत गिलमावशी गायची. दुसरा पडला. असा सपाटून पडला की बाबाने सगळ्या तारा गुंडाळून माळ्यावर टाकल्या आणि पुढे वर्षानुवर्षं लोकांच्या पियानोखेरीज कशाला हात लावला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी एकदा चहा ढवळता ढवळता तो म्हणाला होता, "कान शाबूत आहेत तोवर अजून एकदा करून बघू या."

बस्स, एवढंच. त्या एका वाक्यावर हा अख्खा आल्बम उभा राहिला होता.

आल्बमचं नाव 'चढ'. या खेपेला शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही, नुसते सूर. त्यांच्या शेफील्ड शहरातल्या एकेका उभ्या गल्लीवर एकेक तुकडा, आणि शेवटचा ब्लेक स्ट्रीटवर, जिथे कठडा धरल्याशिवाय म्हाताऱ्यांना वर जाता येत नाही. उद्या सकाळी सगळं ग्रामोफोनची तबकडी कापून देणाऱ्या माणसाकडे पाठवायचं होतं.

"बस इथे," बाबा म्हणाला. मागोमाग येऊन यंत्रापाशी बसलेल्या गिलमावशीने शकुनासाठी बोटं एकमेकांत गुंतवून फुलीसारखी केली, आणि आल्बम सुरू झाला.

आधी खालून एक जाड, उबदार आवाज आला. तो गिलमावशीचा, म्हणजे तिच्या यंत्राचा. जणू कुणीतरी जडसा अंगरखा खांद्यावर टाकावा! मग त्यावर एकेक करून बाबाच्या घंटा चढायला लागल्या. यंत्रातल्याच, पण या दोघांचा हट्ट असा की यंत्रातला आवाज सरळ तारेने उचलायचा नाही. आधी तो जुन्या स्पीकरमधून खोलीत सोडायचा, त्याला जरा हवा खाऊ द्यायची, आणि मग माइकने पकडायचा. म्हणून त्या घंटांना चॅपलच्या भिंती लागल्या होत्या, लाकूड लागलं होतं. हॅटीच्या अंगावर काटा आला. हे आपल्या बाबाने केलंय? भाजी चिरताना बोट कापून घेणाऱ्या या माणसाने?

आणि मग तिचे दात शिवशिवले.

घंटांच्या वर, खूप वर, एक बारीक किंकाळी चालू होती. न थांबता. तिला वाटलं दुसऱ्या तुकड्यात जाईल. दुसऱ्यातही होती. तिसऱ्यातही. हा आवाज ती ओळखत होती! कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पोरांनी टोळकं करून उभं राहू नये म्हणून दारावर एक डबी लावली होती, ती दिवसभर अशीच किंचाळायची. आणि गंमत म्हणजे ती फक्त पोरांना ऐकू यायची. बाबासारखा माणूस तिच्याखाली उभा राहून निवांत पेपर वाचू शकायचा.

बाबासारखा माणूस.

हॅटीने बाबाकडे पाहिलं. तो स्पीकरकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता, नव्या शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

"कसं?" शेवटचा सूर विझल्यावर त्याने विचारलं.

"भारी आहे, बाबा. खरंच."

खोटं नव्हतं ते. पण खऱ्यातलं अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं तिने मूग गिळावेत तसं गिळून टाकलं. भल्याभल्यांना गार करणारी म्हणे!

बाबाने तिच्या डोक्यावर टपली मारली, दोनदा नाक पुसलं, आणि "पुडिंगचं पीठ फेटायचंय" म्हणत तो उतारावरून जवळजवळ उड्या मारत घरी गेला.

तो दिसेनासा झाल्याबरोबर गिलमावशीने पाय टेबलावर टाकले आणि कोपऱ्यातला टीव्ही लावला. पेटाऱ्याएवढा जुना काचेचा टीव्ही, त्यावर स्नूकर, आवाज बंद. हिरव्या टेबलावर कुणीतरी शेवटच्या काळ्या चेंडूभोवती फिरत होतं.

हॅटीने दोन्ही कानांवर हात दाबले. तीच किंकाळी!

"मावशी, बंद कर तो."

"वेडी का काय? काळा तेवढा राहिलाय."

"मावशी, तुम्ही आवाज भरता तेव्हा हा टीव्ही लावलेला असतो का?"

"असतो म्हणजे? असावाच लागतो!" गिलमावशी म्हणाली. "पहिला तुकडा जमला तेव्हा स्नूकर चालू होतं. तेव्हापासून रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की टीव्ही लागतो. स्पर्धा नसेल तेव्हा जुन्या कॅसेटी लावते. शकुन आहे तो आमचा. आणि त्याने बिघडतंय काय? आवाज तर बंद असतो."

"आवाज बंद नाहीये. तुम्हाला ऐकू येत नाहीये."

तोंडातून निघून गेलं. गिलमावशीने पाय खाली घेतले. मग हॅटीने सगळं सांगितलं, डबी, दात, पहिल्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंतची ती टाचणीसारखी किंकाळी. गिलमावशीने टीव्ही बंद केला, लावला, पुन्हा बंद केला, आणि हॅटीला भिंतीकडे तोंड करून उभं करून विचारलं, "आता? आता?" हॅटी एकदाही चुकली नाही. मग मावशीने कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र काढलं. खाली डोंगर, मधे झुडपं, आणि अगदी वर एक रेघ, पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

"अगंबाई," गिलमावशी म्हणाली. "ही रेघ मी दोन वर्षं बघतेय. मला वाटलं स्क्रीन खराब झालाय."

हॅटीला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण मावशीचा चेहरा पडला होता.

"त्याला सांगायचं नाही," ती म्हणाली. "रेघेपासून वरचं सगळं छाटून टाकते, एका मिनिटाचं काम. उद्या तबकडी कापायला जाईल. डेसला कळणारसुद्धा नाही."

"का नाही कळणार?"

"कारण त्याला तिथलं काही ऐकूच येत नाही, राणी. मलाही नाही. छाटलं काय, ठेवलं काय." तिने माउसवर हात ठेवला. "तू त्याला मागच्या वेळी पाहिलं नाहीस. मी पाहिलंय. तो काय म्हणाला होता आठवतंय ना? कान शाबूत आहेत तोवर. आता सांग त्याला की ते नाहीत. उद्याचं पाकीट जाणारच नाही. पुन्हा माळा."

मावशी म्हणत होती ते चूक नव्हतं, तेच तर वाईट होतं. माळ्यावर गेलेली गोष्ट बाबा खाली आणत नाही. पण मग हॅटीच्या डोळ्यांसमोर आलं की बाबा म्हातारा होईल, लोकांना ती तबकडी लावून दाखवेल, म्हणेल 'हे सगळं माझ्या कानांनी केलंय', आणि मागे मावशी नि ती एकमेकींकडे बघतील. दरवेळी. आयुष्यभर.

तिने माउसवरचा हात धरला. "नाही. त्याच्या पाठीमागे नाही."

"मग सांगणार कोण?"

"मी सांगते."

"कानामागून आली आणि तिखट झाली!" गिलमावशी पुटपुटली, पण हात तिने काढून घेतला.

आई रविवारी बस चालवायची, त्यामुळे टेबलावर तिघंच. बीफबरोबर खायची खारी पुडिंगं टोपीसारखी फुगली होती आणि बाबा त्यांत ग्रेव्ही ओतता ओतता गुणगुणत होता. हॅटीने ठरवलं होतं की बीफ येऊ द्यावं. मग ठरवलं की वाटाणे येऊ द्यावेत. मग ती एकदम म्हणाली, "बाबा, आल्बममध्ये एक किंकाळी आहे."

"कुठल्या तुकड्यात?"

"सगळ्या."

"झालं! वर्तमानपत्रात परीक्षणं लिहायला लागलीस का आता?" तो हसला.

"टीव्हीची आहे. त्या जुन्या टीव्हीतून येते आणि माइकने पकडलीय. फक्त ती तुला नाही ऐकू येत. तुमच्या वयाच्या कुणालाच नाही येत. खूप वर आहे."

ग्रेव्हीची धार थांबली.

"मी रोज पियानो लावतो," बाबा म्हणाला.

"माहितीये."

"परवा पाद्रीबुवांशी बोलत असताना मी एक तार पकडली. केसाएवढी उतरली होती. केसाएवढी!"

"माहितीये, बाबा. पण पियानोची शेवटची पट्टी इतक्या वर जातच नाही. तुझे पियानो चुकत नाहीत. हे त्यांच्या डोक्यावरून जातं."

बाबाने टेबलापलीकडे पाहिलं. "गिल?"

"मलाही नाही येत, डेस. पण रेघ आहे. पाहिली मी."

"मला सांगणार कधी होतीस?"

गिलमावशीने काट्याने एक वाटाणा ताटभर फिरवला. "नव्हतेच सांगणार. गुपचूप छाटणार होते. या तुझ्या वकिलीणबाईंनी हात धरला."

बाबाने ग्रेव्हीचं भांडं हळूच खाली ठेवलं, भिंतीवरची चॅपलची किल्ली काढली आणि तो निघून गेला. कोट न घालता. भरल्या ताटावरून बाबा उठलेला हॅटीने जन्मात पाहिला नव्हता.

"गेलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "गेलं ना माळ्यावर?"

"रड नंतर. ते दुसरं ताट दे, झाकायला." आणि गिलमावशी बाबाचं जेवण दोन ताटांत झाकून, फडक्यात धरून, धापा टाकत चढ चढायला लागली. हॅटी मागून.

खोलीचं दार उघडंच होतं. बाबा तारा गुंडाळत नव्हता. तो एका करड्या पेटीसमोर बसला होता. त्या पेटीतून एकच सूर निघायचा, आणि बटण फिरवलं की तो वर वर चढायचा. यंत्रं तपासायला ठेवलेली होती ती.

"बसा," मागे न बघता तो म्हणाला. "तिघांनी हात वर करायचे. ऐकू येईनासं झालं की हात खाली. लबाडी चालणार नाही."

तीन हात वर गेले. बाबा दुसऱ्या हाताने बटण फिरवायला लागला. सूर शिट्टीसारखा झाला, मग किटलीसारखा, मग बारीक तारेसारखा. बाबाचा हात खाली आला.

इतक्या लवकर! बाबाने आपल्या खाली आलेल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. पण बटण फिरवायचं थांबला नाही.

"गिल, तुझा हात अजून वर?"

"नाही येत रे ऐकू. खांदा अवघडलाय, खाली येईना."

आता हॅटीचा एकटीचा हात उरला. सूर चढत होता. टीव्हीच्या किंकाळीपाशी आला, तिथून पुढे गेला. मधेच तिच्या मनात आलं, घ्यावा हात खाली. काय जातंय? बाबाला जरा बरं वाटेल. तो लबाडी चालणार नाही म्हणाला होता खरा, पण या लबाडीबद्दल तो तिला कधी रागावला नसता.

तिने हात वरच ठेवला.

"अजून?"

"अजून."

"अजून?"

"अजून आहे, बाबा."

शेवटी एकदाचा तो सूर तिच्याही कानातून निसटला आणि तिने हात खाली घेतला. बाबा बटणावरचा आकडा बघत राहिला.

"कसा असतो तिथे?" त्याने विचारलं.

हॅटीने खूप विचार केला. "टीव्हीचा नुसता टोचतो. पण या पेटीतला तसा नव्हता. हिवाळ्यात सकाळी बाहेर पडल्यावर पहिला श्वास घेतो ना, नाकात जातो तो? तसा. आवाज कमी आणि थंडी जास्त."

बाबा हळूहळू मान हलवत राहिला. "एवढं उंच घर," तो म्हणाला, "आणि मी तळमजल्यावर राहतोय. वरचे जिने कधी बंद झाले कळलंच नाही."

"माझेही झाले की," गिलमावशी म्हणाली. तिने ताटं पेटीवर ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. "आपण शेजारीच आहोत रे. पहिल्यापासून."

"कान शाबूत आहेत तोवर, म्हणालो होतो मी."

"हो," हॅटी म्हणाली. "पण कुणाचे ते नव्हतं म्हणालास. माझे आहेत की! घरातच आहेत. भाडं पण पडायचं नाही."

बाबाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"तिसऱ्या कानाला बंदी आहे इथे."

"बूट काढायला कुणी सांगितलं होतं?"

"बघ, बघ कशी बोलते!" गिलमावशी म्हणाली, आणि बाबा हसलाच. डोळे पुसत हसला, पण हसला. मग त्याने ताट उघडलं, गार पुडिंगचा एक मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि तसाच भरल्या तोंडाने म्हणाला, "गिल, ब्लेक स्ट्रीट लाव. हॅटी, तू इथे बस, माझ्या खुर्चीत."

गिलमावशी रेघेपासून वरचं सगळं एकदम छाटायला निघाली होती, पण बाबाने तिला थांबवलं. "कात्री नको. पांढरा केस चिमट्याने उपटतेस ना गिऱ्हाइकाचा? तेवढंच काढायचं, शेजारचा केस हलता कामा नये." त्याने हॅटीचं बोट एका बटणावर ठेवलं. "आता हे मला नाही दिसत, तुला दिसतंय. हळू."

हॅटी जीभ दातांत धरून बटण फिरवायला लागली. किंकाळी जाड झाली, डळमळली, बारीक झाली, परत आली. पुन्हा थोडं मागे. आणि गेली! तिचे खांदे आपोआप खाली आले. खोली केवढी मोठी झाल्यासारखी वाटली.

"गेली," बाबा म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"तुझे खांदे."

पण हॅटी ऐकत नव्हती. ती पुढे वाकली होती. "थांब. थांब, बाबा. मागे घे जरा."

"परत आली?"

"नाही. ती गेली. पण तिच्या पाठीमागे काहीतरी आहे. ती किंचाळत होती ना, म्हणून कळत नव्हतं." तिने डोळे मिटले. "तुझ्या घंटा आहेत ना, त्यांच्या वर अजून घंटा आहेत. इवल्या इवल्या. तुझी मोठी वाजली की त्या वाजतात, आणि ती थांबली तरी जरा वेळ राहतात. चहावरची वाफ राहते तशा."

"मी नाही ठेवल्या तिथे काही."

"तुझ्याच आहेत पण. तुझ्या घंटेशिवाय एकदाही वाजत नाहीत."

गिलमावशी एकदम खाली बसली. "देवा रे. मी तर सगळंच छाटत होते."

बाबाने स्पीकरकडे पाठ फिरवली, आपलं स्टूल ओढत आणलं आणि तो हॅटीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"गिल, पहिल्यापासून लाव," तो म्हणाला. "हॅटी, डोळे मिटू नकोस."

गिलमावशीचा उबदार आवाज खालून आला. मग पहिली घंटा. ती विझायला लागली तशा हॅटीच्या भुवया वर गेल्या.

"आता?" बाबाने नुसत्या ओठांनी विचारलं.

तिने मान हलवली. आता. अजून आहे. अजून. गेली.

दुसऱ्या घंटेलाही त्याने विचारलं. तिसरी वाजली तेव्हा त्याने विचारलं नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि मोठी घंटा थांबल्यानंतरही त्याचं बोट गुडघ्यावर हळूहळू ठेका धरत होतं, त्या इवल्या घंटांच्या अगदी नेमक्या जागी.